बारा नंबरची हजेरी

सकाळी साडेसहाला हॉटेलच्या दारात बस लागली तेव्हा एकतीस प्रवाशांपैकी तीस जण आपापल्या जागेवर होते. एकतिसावी वर खोलीत बॅगेवर बसून बॅग बंद करत होती आणि ती बंद होत नव्हती, कारण तिच्यात काल घेतलेल्या तीन चादरी होत्या. परदेशात येऊन चादरी विकत घेणाऱ्या बाईला काय म्हणावं हे अकराला सुचत नव्हतं. म्हणजे सुचत बरंच होतं, पण आजूबाजूला माणसं होती.

अकरा हे काही तिचं नाव नव्हे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ती अकरा नंबरच्या बोर्डावर बसली आणि शेजारच्या बारा नंबरला ही चादरीवाली. कानांवर हेडफोन, पुढ्यात वायरींचं जंजाळ आणि पाठीमागे येरझारा घालणाऱ्या सुपरवायझरबाई. शिफ्ट सुरू झाली की बाई एकेक नंबर पुकारायच्या आणि ज्या त्या मुलीने 'हजर' म्हणायचं. त्या वेळी बारा कधीच हजर नसायची. ती जिन्यात असायची, नाहीतर फाटकाशी कोणाशी तरी बोलत उभी असायची. मग अकरा आधी आपल्या आवाजात 'हजर' म्हणायची आणि पुढचा पुकारा झाला की मान खाली घालून, जरा नाकातून, बाराच्या आवाजात पुन्हा 'हजर'. पाच मिनिटांत बारा मागच्या दाराने येऊन जागेवर बसायची. अठ्ठावीस वर्षांत एकदाही पकडल्या गेल्या नाहीत. यात बढाई मारण्यासारखं काही नाही, तरी दोघी मारायच्या.

आता तिघीही निवृत्त. तिघी म्हणजे सुपरवायझरबाईही आल्याच. नोकरी सुटल्यावर बाई मैत्रीण झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून निवृत्त झाला नव्हता. टूर मॅनेजरने पहिल्याच दिवशी सगळ्यांना नंबर वाटले, बस सुटण्यापूर्वी मी नंबर पुकारीन, म्हणाला. बाईंनी पहिला नंबर घेतला. या दोघींनी अकरा आणि बारा मागून घेतले आणि लहान मुलींसारख्या खिदळल्या. त्या दिवशी सगळंच गोड वाटत होतं. आज सहावा दिवस होता.

"आले गं, आले!" बारा बॅग ओढत आली. डोक्यावर तिने पहिल्या दिवशी घेतलेली जांभळी लोकरीची टोपी होती. "रागावलीस?"

"मी कशाला रागावू? बस काय, माझ्या वडिलांची आहे?"

"रागावलीस," म्हणत बारा खिडकीच्या जागेवर बसली. खरं तर आज खिडकी अकराची होती.

एरवी अकराने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण आजचा दिवस निराळा होता. दुपारी चार वाजता बस सरोवराच्या धक्क्यावर पोचणार होती आणि साडेचारची बोट होती. त्या मधल्या अर्ध्या तासात अकराची लेक तिला भेटायला येणार होती. चार वर्षांनी. तिच्याबरोबर तीन वर्षं दहा महिन्यांची नात, जिला अकराने फोटोतही एकदाच पाहिलं होतं, तेही दुसऱ्याच्या फोनवर. सहलीचं कळवल्यावर लेकीचा आलेला निरोप तीन ओळींचा होता आणि अकराला तो पाठ होता. 'चार ते साडेचार धक्क्यावर येते. छोटीला आणते. साडेचारला माझी खिडकी उघडते, मग भेटता येणार नाही.' लेक त्याच धक्क्यावर तिकिटांच्या खिडकीत बसायची. 'आई' हा शब्द निरोपात कुठे नव्हता. अकराने तो वरून, खालून, मधून शोधून पाहिला होता.

हॉटेलमधून निघायलाच पंचवीस मिनिटं उशीर झाला. मग राजवाडा झाला. राजवाड्याला एकशे साठ खोल्या होत्या आणि बाराला प्रत्येक खोलीतल्या पलंगासमोर उभं राहून "एवढ्याशा पलंगावर राजा झोपायचा कसा?" असं विचारायचं होतं. बाहेर यायच्या दारातून सगळे बाहेर आले, बारा आत जायच्या दारातून बाहेर आली आणि तिकडेच थांबून राहिली. ती सापडेपर्यंत आणखी वीस मिनिटं. जेवणाच्या वेळी तिने मागवलेलं सूप तिला आवडलं नाही, तेव्हा दुसरं मागवलं आणि ते गार व्हायची वाट बघत बसली. सगळे उठले तरी ही फुंकतेच आहे. अकराच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती दात-ओठ खात घड्याळ बघत राहिली.

"अगं, पोचू," बारा म्हणाली. "तू ना, बोर्डावर बसल्यासारखी बसतेस. कॉलचा दिवा लागला की दचकलीच."

"तुला काय गं? तुझं कोण थांबलंय?"

बोलून गेल्यावर अकराने जीभ चावली. बाराचं खरंच कोणी थांबलेलं नव्हतं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. बारा सुपाकडे बघत म्हणाली, "तेही खरंच." आणि पुन्हा फुंकू लागली. त्यामुळे अकराला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

कारण त्या चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत एक गोष्ट अशी होती की जी बाराला ठाऊक नव्हती. लेक इकडे बाळंतपणाला एकटी होती. अकराचा व्हिसा झाला होता, बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि निघायच्या आदल्या दिवशी बाराचा नवरा ऑफिसच्या जिन्यात कोसळला आणि गेला. बारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवेना, बोलेना. अकरा तिच्याकडे राहायला गेली. आठ दिवसांनी जाते, लेकीला म्हणाली, अजून वेळ आहे. मग आणखी आठ दिवस. आणि लेक तीन आठवडे आधीच बाळंत झाली, परक्या दवाखान्यात, नवरा कामावर असताना, एकटी. नंतर फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "तू सगळ्यांसाठी हजर असतेस, आई. माझ्यासाठी सोडून." अकराला ते सहन झालं नाही. तिने फोन बंद केला. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या लायनी जोडल्या, एकदाही कोणाचं बोलणं मधे तोडलं नाही, आणि पोटच्या पोरीची लाइन मात्र तिने स्वतःच्या हाताने कापली. त्यानंतर कितीदा तरी फोन लावला, पलीकडून कोणी उचलला नाही.

जेवणानंतर तासाभराने हायवेवर बस थांबली. एक पेट्रोल पंप, एक ऐसपैस दुकान आणि दुकानाच्या तळघरात स्वच्छतागृहं. टूर मॅनेजरने दहा मिनिटं दिली. सव्वादोनला निघायचं होतं, त्याऐवजी आताच अडीच वाजले होते.

"मी दोन मिनिटांत आले," बारा उठली. "माझा फोन तुझ्याकडेच चार्जिंगला राहू दे. आणि ही पर्सही बघ."

"दोन म्हणजे दोन."

"हो गं बाई, हो."

दहा मिनिटांनी मॅनेजर बसच्या पायरीवर उभा राहिला. त्याचाही चेहरा दिवसभराच्या उशिराने आंबला होता. कागद न बघताच तो भराभर पुकारू लागला. "एक?" "हजर," पुढच्या सीटवरून सुपरवायझरबाई. दोन, तीन, चार झाले. अकराने खिडकीबाहेर पाहिलं. दुकानाच्या काचेच्या दारातून एक बाप दोन मुलांना ओढत बाहेर आला. दार बंद झालं. घड्याळात दोन चाळीस. इथून धक्का सव्वा तास. आत्ता निघालं तर पाच मिनिटं राखून पोचता येत होतं.

"अकरा?"

"हजर."

"बारा?"

"हजर," अकरा म्हणाली. मान खाली घालून, जरा नाकातून.

ते तिने ठरवून केलं नव्हतं. जीभ आपली आपण वळली, जशी अठ्ठावीस वर्षं वळत आली होती. बारा म्हणजे जिन्यात आहे, येतेच आहे. पण एक्सचेंजला मागचं दार होतं, बसला नव्हतं. "एकतीस? हजर. चला," मॅनेजर म्हणाला. दार फुस्स करून बंद झालं, बस मागे सरकली, वळली, आणि वळताना अकराला दुकानाच्या काचेआड, पैसे घ्यायच्या टेबलापाशी, जांभळी टोपी दिसली. अगदी स्पष्ट दिसली. टोपीवाली हातवारे करून काहीतरी विचारत होती.

'थांबा' म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण अकराकडे होता आणि तिने तो वापरला नाही. मुठी आवळून ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली. बस हायवेला लागली.

पहिली दहा मिनिटं तिला फार बरं वाटलं. हे सांगायला नको, पण खरं आहे. राहू दे, ती मनात म्हणत होती, राहू दे एकदा मागे. कळू दे, वाट बघणं काय असतं ते. जन्मभर दुसऱ्याने हिच्या नावाने हजर म्हणायचं आणि हिने चादरी घ्यायच्या. तिथे काय वाघ आहे? दुकान आहे, माणसं आहेत, बसायला जागा आहे. धक्क्यावर पोचल्यावर सांगू मॅनेजरला. तो टॅक्सी पाठवील. तासाभराचा तर प्रश्न. माझ्या चार वर्षांचा कोणी विचार केला?

मग तीन वाजले आणि अकराच्या पर्समध्ये बाराचा फोन वाजायला लागला.

कोणाचा फोन नव्हता, गजर होता. पडद्यावर बाराने स्वतः लिहून ठेवलं होतं, 'गोळी आणि काहीतरी खा.' बाराला साखरेचा त्रास होता. गोळ्यांची डबी आणि बिस्किटं तिच्या पर्समध्ये होती, आणि पर्स रिकाम्या सीटवर, खिडकीपाशी. अकराने गजर बंद केला. तिकडे हिला भाषेचा एक शब्द येत नाही. फोन नाही. दुपारी पहिलं सूप आवडलं नाही, दुसरं गार होईतो उठायची वेळ झाली, तेही अर्ध्याहून जास्त टाकलेलं. पाच मिनिटांनी गजर पुन्हा वाजला. 'गोळी आणि काहीतरी खा.' मागच्या सीटवरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "अहो, उचला की फोन!"

अकरा उठली. उठताना तिच्या तोंडातून एक अशी शिवी निघाली, जी तिने एक्सचेंजमध्ये रात्रपाळीच्या दारुड्यांनाही कधी दिली नव्हती. ती कोणाला दिली हे तिलाही सांगता आलं नसतं.

"बस वळवा," ती मॅनेजरला म्हणाली. "बारा नंबर मागे राहिलीय."

"काय म्हणता काकू? मी नंबर घेतला! हजर म्हणाल्या त्या!"

"त्या नाही. मी म्हटलं."

बसमध्ये कोणी काय काय बोललं ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांची बोट चुकणार होती. दाताच्या डॉक्टरांनी "शाळेची सहल आहे का ही?" असं तीनदा विचारलं. त्यांची बायको म्हणाली की सकाळपासून त्या टोपीमुळेच खोळंबा चाललाय, तर राहू द्या त्यांना तिथेच. अकरा गर्रकन वळली. "ती माझी मैत्रीण आहे. तिला मी बोलेन. तुम्ही नाही." आपण इतक्या जोरात बोललो हे तिला नंतर कळलं, कारण ड्रायव्हरनेही आरशात पाहिलं.

हायवेवर कुठेही वळता येत नाही. पुढचा फाटा चौदा किलोमीटरवर होता. म्हणजे आधी धक्क्याच्या दिशेने चौदा किलोमीटर जायचं आणि मग तेवढंच आणि आणखी परत. अकरा पुढच्या सीटवर, सुपरवायझरबाईंच्या शेजारी बसली आणि तिने लेकीला फोन लावला. आज मात्र पलीकडून लगेच उचलला गेला.

"पोचलीस?"

"नाही गं. चारला नाही जमणार. पाच तरी होतील. बारामावशी वाटेत मागे राहिली, तिला आणायला परत..."

पलीकडे कोणीतरी लहान आवाजात काहीतरी मागत होतं. कुठला तरी बूट.

"पुन्हा बारामावशी?" लेक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

अकरा फोन कानाला तसाच लावून बसली. सुपरवायझरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तो नाकातला 'हजर'. अठ्ठावीस वर्षं ऐकला, ओळखणार नाही? म्हटलं, येत असेल नेहमीसारखी मागून."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"दोन आवाज आणि एक डोकं, कळत नव्हतं की काय मला!" बाई चिडून म्हणाल्या. "दोघींना नोकरीवरून काढायला हवं होतं. तेव्हा दया दाखवली, आता भोगतेय."

बारा पेट्रोल पंपाच्या कडेला, चाकांत हवा भरतात तिथल्या कठड्यावर बसलेली सापडली. टोपी मांडीवर, केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. तिच्या हातात गोड पावाचा तुकडा होता. तो तिला पंपावरच्या बाईने दिला होता, आणि ती बाई अजून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बस दिसल्यावर बाराने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसली.

अकराने आधी बिस्किटं दिली, पाणी दिलं, गोळी दिली. बारा शेवटचं बिस्किट संपवेपर्यंत तिने दम धरला. मग तिने तोंड सोडलं.

"काय करत होतीस गं आत? काय विकत घ्यायचं राहिलं होतं तुझं? पडदे?"

"स्वच्छतागृहात नाणं टाकावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. ते मागत होते." बारा हळू बोलत होती. "बाहेर आले तर बस नाही. वाटलं, वळवून आणतायत. पंधरा मिनिटं मी तशीच उभी होते. मग म्हटलं, माझा नंबर कोणीतरी दिलेला दिसतोय." तिने वर पाहिलं. "तूच दिलास ना?"

"मीच."

"सवयीने?"

खोटं बोलणं सोपं होतं. बारालाही तेच हवं होतं. पण अकरा दिवसभर एवढी तापलेली होती की तिच्यात खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"तोंडाने सवयीने. पण बस निघताना तू मला दिसली होतीस. नंतरची पंचवीस मिनिटं मी मुद्दाम गप्प बसले."

मॅनेजर बसच्या दारातून हाका मारत होता. अकराला आता थांबता येईना. लेकीच्या बाळंतपणाचं, दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेचं, आठ दिवस आणि आणखी आठ दिवस, लेक फोनवर काय म्हणाली ते, आपण काय केलं ते, सगळं तिने तिथे पंपावर उभ्या उभ्या बाराच्या अंगावर फेकलं. पंपावरची बाई बिचारी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?" बाराने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मला पाठवलं असतंस."

"पाठवलंच असतं!"

"आणि तू भिंतीकडे तोंड करून मेली असतीस. म्हणून नाही सांगितलं. आता ऊठ."

बाराने बसमध्ये चढून आधी सगळ्यांना हात जोडले आणि मग अकराला खिडकीची जागा दिली. पुढचा सव्वा तास ती एक अक्षर बोलली नाही. सहा दिवसांत असं पहिल्यांदाच घडत होतं आणि अकराला ते बडबडीपेक्षा जास्त जड गेलं. पण समजूत काढायची तिची तयारी नव्हती. ती अजून रागावलेली होती. बारावर, स्वतःवर, चौदा किलोमीटरच्या फाट्यावर, लेकीने कापलेल्या फोनवर, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीवर, की लेकीने तो कापला यात तिची काही चूक नव्हती.

धक्क्यावर पोचायला सव्वापाच वाजले. बाकांवर कोणी नव्हतं. एका बाकाखाली लहान मुलाच्या हातातून पडलेला बिस्किटाचा चुरा होता आणि चिमण्या तो टिपत होत्या. तो कोणाच्याही मुलाचा असू शकत होता. अकरा तरी त्या बाकापाशी थांबली.

साडेचारच्या बोटीची तिकिटं आता फुकट गेली होती, ती पावणेसहाच्या बोटीसाठी बदलून घ्यायची होती. एकच खिडकी उघडी होती आणि तिच्यापुढे रांग होती. मॅनेजर तिकिटांचं पाकीट घेऊन निघाला तशी अकराने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"मी उभी राहते."

"काकू, कृपा करा, आज तुम्ही आणखी काही..."

"त्यांना उभं राहू द्या," सुपरवायझरबाई म्हणाल्या. त्यांचा तो आवाज ऐकून मॅनेजरही गप्प झाला.

रांग हळूहळू सरकत होती. अकराच्या मागे बारा येऊन उभी राहिली, तिच्या मागे एक लाल जाकीटवाला माणूस. खिडकीला जाड काच होती, काचेत एक गोल जाळी, आणि पलीकडे गडद निळ्या गणवेशात, केस घट्ट बांधून, लेक बसली होती. ती वर न बघता बोटांनी बटणं दाबायची, जाळीतून काहीतरी विचारायची, खालच्या फटीतून तिकीट सरकवायची. चार वर्षांत ती बारीक झाली होती. कपाळावर तीच आठी होती, जी अकराच्या कपाळावर होती.

अकराने पाकीट फटीतून आत सरकवलं. लेकीने ते उघडलं, तिथल्या भाषेत काहीतरी विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून वर पाहिलं.

लेकीचे डोळे रडून आल्यासारखे लाल होते, पण आवाज कोरडा होता.

"किती जण?"

"एकतीस."

"छोटी पावणेपाचपर्यंत थांबली होती. तिच्या बाबांनी नेलं मग." तिने बटण दाबलं. तिच्या बाजूचं यंत्र कर्र कर्र करत एकेक तिकीट छापू लागलं. एकतीस तिकिटं छापायला त्याला बराच वेळ लागणार होता. "मावशी सापडली?"

"ही काय, मागे आहे."

"बरी आहे?"

"बरी आहे. मी तिला वाटेत सोडून निघाले होते. मुद्दाम. तुला भेटायला उशीर होईल म्हणून."

लेक यंत्राकडे बघत होती, ती एकदम आईकडे वळली. "बारामावशीला? तू?"

"हो. मग परत फिरले. आणि तुला पुन्हा ताटकळत ठेवलं. टायर फुटला म्हणणार होते, पण खरं हे आहे."

लहानपणी शाळा सुटली की लेक एक्सचेंजमध्ये येऊन बोर्डाखाली आईच्या पायांशी बसायची. सगळे नंबर तिला पाठ होते, कोण कोणाच्या नावाने ओ देतं तेही. ती पुढे वाकली.

"अकरा?" ती जाळीतून म्हणाली. आवाज थेट सुपरवायझरबाईंचा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाने फटाफट उत्तर देणारी अकरा, पण आता स्वतःच्या नंबरला तिच्या तोंडातून आवाज फुटेना. मागे बाराने श्वास घेतल्याचं तिला ऐकू आलं. ही आता माझ्या नावाने बोलणार, हे तिने ओळखलं आणि टाच मागे दाबून बाराचा पाय चांगला चेचला.

"तू गप्प बस," ती म्हणाली, आणि काचेकडे वळून, "हजर."

यंत्र छापतच होतं. लेकीने गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले. "मी अजून रागावलेलीच आहे."

"मीसुद्धा."

"तू कशाला?"

"चार वर्षं फोन उचलला नाहीस, म्हणून!"

मागचा लाल जाकीटवाला काहीतरी पुटपुटला आणि त्याने घड्याळावर बोट आपटलं. अकरा त्याच्याकडे वळली आणि दिवसभरात साचलेलं जे काही उरलं होतं ते तिने आपल्या भाषेत त्याला एका दमात ऐकवलं. त्याला एक शब्द कळला नाही, पण तो दोन पावलं मागे सरकला. काचेपलीकडे लेकीला हसू फुटलं. ते तिला नको होतं हे दिसत होतं.

"तुमची बोट सव्वासातला परत येते," ती तिकिटांची लांबलचक पट्टी घडी करत भराभर म्हणाली. "साडेसातला माझी खिडकी बंद होते. तिचे बाबा मला न्यायला येतात, छोटी गाडीतच असते. पण तुमची बस थांबणार नाही ना तोवर."

पट्टी फटीतून बाहेर आली. लाल जाकीटवाला पुढे झाला. अकरा तिकिटं छातीशी धरून रांगेबाहेर आली. बारा लंगडत तिच्या मागोमाग.

"सव्वासात ते साडेसात," अकरा स्वतःशीच म्हणाली. "आणि वर दहा-पंधरा मिनिटं तरी. तो मॅनेजर आज एक मिनिट थांबायचा नाही. मी तोंड उघडलं तर मलाच टाकून जाईल."

"अर्धा तास ना?" बारा म्हणाली. पंपावरून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. तिने जांभळी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि धक्क्यावरच्या दुकानांच्या रांगेकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. "तेवढा उशीर तर माझ्याकडून न ठरवताही होतो."

"अगं, पण तो नंबर पुकारील."

"पुकारू दे," बारा म्हणाली. "तू फक्त एवढं कर. माझ्या नावाने हजर म्हणू नकोस."